चालत वाचायचा ग्रंथ : दासोपंतांची पासोडी आणि बीडचे डिजिटल दालन

१/
अंबाजोगाईत एक ग्रंथ आहे, ज्याला पाने नाहीत. तो सुमारे ४० फूट लांब आणि ४ फूट रुंद अशा कापडावर लिहिलेला आहे. कर्ते संतकवी दासोपंत (१५५१–१६१५), विषय पंचीकरण. लोक त्याला नुसते 'पासोडी' म्हणतात. बीड जिल्ह्याच्या वारशाचे डिजिटल दालन कसे असावे, या प्रश्नाचे उत्तर या कापडात दडलेले आहे. हा थ्रेड त्याविषयी.

२/
पासोडी म्हणजे थंडीत अंगावर घ्यायचे जाडेभरडे सुती पांघरूण. राजदरबारी रेशीम नव्हे, घराघरांतले वस्त्र. वेदान्तासारखा अवघड विषय दासोपंतांनी अशा साध्या कापडावर, मराठीत मांडला. ग्रंथाच्या नावातच त्याचा वाचक कोण, हे सुचवलेले आहे.

३/
दासोपंत अल्प लिहिणारे नव्हते. त्यांच्या 'गीतार्णवा'ची ओवीसंख्या परंपरेने सव्वा लाख सांगितली जाते. त्यांना रोज एका ढबू पैशाची शाई लागे, अशी आख्यायिका आहे. एवढे लेखन पोथ्यांत मावले, तर एका विषयासाठी कापड का निवडले? याचे उत्तर बहुधा विषयाच्या स्वरूपात आहे.

४/
पंचीकरण म्हणजे पाच सूक्ष्म भूतांच्या मिश्रणातून स्थूल सृष्टी कशी घडते, याचा विचार. पृथ्वी, आप, तेज, वायू, आकाश. प्रत्येक स्थूल भूतात निम्मा भाग त्याचा स्वतःचा आणि उरलेल्या चार भूतांचा प्रत्येकी एक अष्टमांश. निम्मा अधिक चार अष्टमांश, म्हणजे पूर्ण एक. हे गणित वाचून कळते. पण मांडून दाखवले तर चटकन कळते.

५/
पोथीच्या पानावर नजर एका वेळी काही ओळींपुरतीच फिरते. कापड पसरले की संपूर्ण रचना समोर येते. कोणता भाग कशातून निघाला, हे एका दृष्टिक्षेपात दिसते. शिवाय ४० फुटी मजकूर एका जागी बसून वाचता येत नाही. वाचणाऱ्याला सरकावे लागते किंवा कापड सरकवावे लागते. वाचकाने काहीतरी करावे आणि ग्रंथाने उलगडावे, ही योजना सोळाव्या-सतराव्या शतकातली आहे.

६/
आज 'इंटरॅक्टिव्ह' हा शब्द नव्याने आल्यासारखा वापरला जातो. पासोडी पाहिली की कळते, तो व्यवहार जुनाच आहे. म्हणूनच या थ्रेडचे प्रतिपादन सरळ आहे : डिजिटल अनुभवाचे पहिले काम वस्तू मुळात जशी वापरली जात होती, तो वापर वाचकाला परत मिळवून देणे हे आहे. ज्या योजनेत हे काम नाही, ती योजना देखणी असूनही रिकामी आहे.

७/
रिकाम्या योजनांचा नमुना सर्वांच्या परिचयाचा आहे. डोळ्यांवर चढवायचा चष्मा, अंधाऱ्या खोलीत भिंतीवर नाचणारा प्रकाश, पार्श्वसंगीत आणि शेवटी छायाचित्र काढण्याची जागा. प्रेक्षक भारावून बाहेर पडतो. त्याला विचारावे, त्या वस्तूवर काय लिहिले होते? उत्तर मिळत नाही, कारण मजकूर वाचण्याची सोय त्या दालनात कुठेच नव्हती.

८/
याच्या उलट उदाहरण फ्रान्समधल्या बायो या गावाचे. तिथे अकराव्या शतकातले सुमारे ७० मीटर लांबीचे भरतकाम केलेले कापड आहे. १०६६ साली नॉर्मनांनी इंग्लंड कसे जिंकले, याची कथा त्यावर आहे. २०२१ साली त्याची संपूर्ण, अतिसूक्ष्म प्रतिमा सर्वांसाठी खुली झाली. बोटाने सरकवत टोकापासून टोकापर्यंत जाता येते. एकेक टाका दिसेपर्यंत जवळ जाता येते. तिथे तंत्र मागे राहते आणि कापड पुढे येते.

९/
पासोडीसाठी हेच करता येईल, एकावर एक थर रचून. पहिला थर मूळ कापडाची प्रतिमा. दुसरा, ओळीवर बोट ठेवताच दिसणारे छापील देवनागरीतले लिप्यंतर. तिसरा, आजच्या मराठीतला अर्थ आणि कठीण शब्दांचा कोश. चौथा, पंचीकरणाची हलती मांडणी, ज्यात वाचक स्वतः निम्मा भाग आणि अष्टमांश जुळवून पाहील. पाचवा, ओव्यांचे वाचन, कारण ओवी ही कानांनीही वाचायची असते.

१०/
या पाच थरांपैकी कॅमेऱ्याने होणारा थर एकच आहे. बाकीच्या चारांसाठी माणूस लागतो : जुने हस्ताक्षर लावणारा, पाठ ताडून पाहणारा, वेदान्ताची परिभाषा जाणणारा. छायाचित्रणापेक्षा लिप्यंतराला किती तरी अधिक वेळ लागतो. तरीही योजना आखताना यंत्रांची यादी आधी होते आणि वाचकांची शेवटी. हा क्रम उलटला पाहिजे. यंत्र विकत मिळते. जुनी लिपी वाचणारा डोळा तयार करावा लागतो.

११/
तंत्राची अडचण आज फारशी उरलेली नाही. पुण्याच्या सी-डॅकने विकसित केलेली 'जतन' ही प्रणाली संग्रहालयांतील वस्तूंच्या डिजिटल नोंदींसाठी वापरली जाते. जगभरच्या ग्रंथालयांनी स्वीकारलेल्या 'ट्रिपल आय एफ' या मानकामुळे एका संस्थेतली हस्तलिखिताची प्रतिमा दुसऱ्या संस्थेतल्या प्रतिमेशेजारी उघडून ताडता येते. अशी मानके पाळली, तर उद्या प्रणाली बदलली तरी आजचे श्रम वाया जात नाहीत.

१२/
मग त्रिमितीय चित्रण, हलती दृश्ये यांना स्थान नाही काय? आहे; पण जागा पाहून. बीड शहराजवळची खजाना बावडी घ्या. सोळाव्या शतकाच्या उत्तरार्धात, निजामशाहीच्या काळात बांधलेली ही विहीर म्हणजे भूमिगत जलव्यवस्थेचा दर्शनी भाग. खरे कौशल्य जमिनीखालच्या पाणी आणणाऱ्या आणि वाहून नेणाऱ्या बोगद्यांत आहे. काठावर उभ्या माणसाला त्यातले फार थोडे दिसते.

१३/
इथे जमिनीचा काप दाखवणारे चलचित्र खरे काम करील. पाणी कोठून येते, उतार कसा राखला, शेताकडे कसे जाते, हे शब्दांत सांगणे अवघड आणि डोळ्यांना पाहणे अशक्य. यातून एक नियम हाती लागतो : जिथे डोळा पोहोचत नाही तिथे तंत्राने न्यावे, जिथे डोळा पोहोचतो तिथे तंत्राने वाट अडवू नये.

१४/
तिसरे उदाहरण धर्मापुरीचे केदारेश्वर मंदिर. चालुक्यकालीन शिल्पांनी नटलेल्या या मंदिराच्या बाह्यभिंती ऊन-पाऊस सोसत आहेत. शेकडो छायाचित्रे एकत्र जुळवून शिल्पाची त्रिमितीय प्रतिकृती करता येते. तिचा खरा उपयोग पडद्यावर फिरवून पाहण्यापुरता नाही. आजची प्रतिकृती आणि दहा वर्षांनंतरची प्रतिकृती शेजारी ठेवली, की दगड कुठे आणि किती झिजला, हे मोजता येते.

१५/
डिजिटल दालनांचा एक दोष सहसा बोलला जात नाही : पडदा फार ठामपणे बोलतो. 'विवेकसिंधु'कार मुकुंदराज यांची समाधी अंबाजोगाईत दाखवली जाते. मात्र ग्रंथातले अंबानगर म्हणजे मराठवाड्यातले अंबाजोगाई की विदर्भातले आंभोरा, यावर अभ्यासकांत जुना वाद आहे. दालनाने एकच उत्तर चकचकीत आवाजात सांगितले, तर अभ्यासाची दारे बंद होतात. दोन्ही बाजूंचे पुरावे मांडून निवाडा वाचकावर सोपवणे, हाच खरा सहभाग.

१६/
नोंदी करतानाही इतिहासाचे भान लागते. १९४८ पर्यंत बीड हैदराबाद संस्थानात होते. निजामकाळात अंबाजोगाईचे अधिकृत नाव मोमिनाबाद होते. त्या काळाचे कागद उर्दूत, फारसीत आणि मोडीतही आहेत. शोधाच्या चौकटीत 'अंबाजोगाई' टाकल्यावर 'मोमिनाबाद' असे नाव असलेला कागद निघाला नाही, तर त्या नोंदणीत गावाचे काही पिढ्यांचे आयुष्य हरवले असे समजावे.

१७/
आता सर्वांत गंभीर आक्षेप. पासोडी ही काही बेवारस 'वस्तू' नाही. तिला परंपरेने जपले गेले आहे, तिच्याशी श्रद्धा निगडित आहे. बाहेरून कॅमेरे घेऊन यावे, प्रतिमा न्याव्यात आणि गावाच्या हाती आभारपत्र द्यावे, हा व्यवहार अन्यायाचा आहे. संमती आधी हवी. प्रतिमेची संपूर्ण प्रत अंबाजोगाईत राहावी. जपणाऱ्यांचा उल्लेख ठळक असावा. काय दाखवावे आणि काय नाही, हे ठरवताना त्यांचा शब्द अखेरचा असावा.

१८/
दुसरा आक्षेप असा की, प्रत झाली म्हणजे मूळ वस्तूकडे दुर्लक्ष होईल. ही भीती खरी आहे. २ सप्टेंबर २०१८ रोजी ब्राझीलचे राष्ट्रीय संग्रहालय जळाले. आधी टिपलेल्या दृश्यांवरून त्याच्या दालनांची आभासी फेरी पुढे खुली झाली. जळालेल्या वस्तू परत आल्या नाहीत. प्रत ही विमा नव्हे. कापडाला कोरडी जागा, कसर-वाळवीपासून संरक्षण आणि जाणत्या संवर्धकाचा हात लागतो. त्याचा खर्च डिजिटल योजनेतच धरला पाहिजे.

१९/
तरीही प्रत हवीच, आणि तीही मूळ कापडासाठीच. जुने कापड प्रत्येक वेळी उलगडताना घडीवर ताण येतो, शाई झिजते. फ्रान्समधली लास्को गुंफा १९६३ साली प्रेक्षकांना बंद केली गेली. लोक आज तिची प्रतिकृती पाहतात आणि मूळ चित्रे शांत राहतात. पासोडीची चांगली प्रत असेल, तर अभ्यासकाला प्रत्येक वेळी मूळ कापड उघडायला सांगावे लागणार नाही.

२०/
हे सारे कोणासाठी? महानगरातल्या थंड दालनासाठी असेल, तर बीडच्या मुलाला त्याचा उपयोग नाही. ही प्रतिमा साध्या फोनवर, कमी इंटरनेटवर उघडली पाहिजे. विनामूल्य असली पाहिजे. आणि तिची भाषा मराठी असली पाहिजे. मराठी ग्रंथ समजून घेण्यासाठी मराठी मुलाला इंग्रजी सूचना वाचाव्या लागाव्यात, यासारखी विसंगती नाही.

२१/
आणि एक शेवटचे पाऊल, ज्याला पडदाही लागत नाही. या डिजिटल प्रतीवरून पासोडी पुन्हा कापडावर छापता येईल, मूळ लांबीरुंदीत. अंबाजोगाई, धारूर, केज, परळी इथल्या शाळांच्या लांब ओसरीत ती भिंतीला लावता येईल. मुले एका टोकापासून निघतील, पृथ्वी-आप-तेज-वायू-आकाशाचे भाग बोटाने मोजत दुसऱ्या टोकाला पोहोचतील. चारशे वर्षांपूर्वी जो ग्रंथ सरकत सरकत वाचण्यासाठी लिहिला गेला, तो पुन्हा तसाच वाचला जाईल. (थ्रेड समाप्त)