इंजिन गेलं म्हणजे गाडी गेली, हे कोणी ठरवलं?

आज पिकावर नाही, गाडीवर लिहितो. पण विषय शेतीचाच आहे, कारण ऐन हंगामात शेतकऱ्याला कर्जात ढकलणाऱ्या गोष्टींत बंद पडलेली गाडी बरीच वर येते.

आपल्या जिल्ह्यात वसमत, कळमनुरी, औंढा, सेनगाव, हिंगोली, कुठल्याही गावात जा, एक तरी जुनी मारुती ओम्नी दिसतेच. फवारणीचे ड्रम, ठिबकच्या नळ्या, हळदीचं बेणं, भाजीचे कॅरेट, दुधाचे कॅन, रात्री-बेरात्री दवाखाना, सगळं तिच्यावर. १९८४ साली ही व्हॅन बाजारात आली, २०१९ साली बंद झाली. म्हणजे नवी मिळणार नाही. आहे ती सांभाळायची किंवा मोडायची, दोनच वाटा.

आणि इंजिन बसलं की चारही बाजूंनी एकच सल्ला येतो: "भाऊ, काढून टाका भंगारात. नवी पिकअप घ्या, फायनान्स करून देतो." सल्ला देणाराचं काही जात नाही. हप्ता आपल्याला भरायचा असतो.

हिशेब करू. समजा ४ लाखांचं कर्ज, १० टक्के व्याज, ५ वर्षं. महिन्याला साधारण ८,५०० रुपये हप्ता. पाच वर्षांत जातात ५ लाख १० हजार. आता सांगा, आपल्या घरात पैसा महिन्याला येतो का? सोयाबीनचा येतो दिवाळीच्या आगेमागे, हळदीचा येतो उन्हाळ्यात. हप्ता मात्र श्रावणातही येतो, जेव्हा खिशात युरियाच्या गोणीपुरतेही पैसे नसतात. मग हप्त्यासाठी हळद भाव नसताना विकावी लागते. गाडीचं दुखणं असं पिकाच्या भावात उतरतं. रोगापेक्षा इलाज भयंकर म्हणतात तो हाच.

माझं म्हणणं सरळ आहे. गाडीचा सांगाडा धड असेल आणि फक्त इंजिन गेलं असेल, तर तीच गाडी दुसऱ्या ओम्नीच्या इंजिनावर चालवा. अपघातात मागून ठोकलेली, पत्रा सडलेली, पण इंजिन चांगलं असलेली ओम्नी शोधली की मिळते. मी तिला 'देणारी गाडी' म्हणतो. आणि शक्यतो नुसतं इंजिन नका घेऊ, अख्खी गाडी घ्या. तिची तीन कारणं आहेत.

एक, उभ्या गाडीतलं इंजिन चालू करून बघता येतं. भंगारवाल्याच्या ढिगातलं इंजिन बघता येत नाही, फक्त शपथा ऐकता येतात. थंड असताना चालू करा, धूर बघा. निळा धूर म्हणजे ऑइल जळतंय. गरम झाल्यावरही पांढरा धूर थांबत नसेल आणि पाणी कमी होत असेल, तर हेड गॅस्केटवर संशय घ्या. मग तिन्ही सिलिंडरचं कॉम्प्रेशन मोजायला लावा. तिन्ही आकडे जवळजवळ हवेत. एखादा कमी आला तर त्यात चमचाभर ऑइल टाकून परत मोजा. आकडा चढला तर रिंगा गेल्या, नाही चढला तर व्हॉल्व्ह किंवा गॅस्केट. ही तपासणी न करता सौदा करणं म्हणजे उगवण न तपासता बियाणं पेरणं.

दोन, जोडीचा माल सोबत येतो. जुनी ओम्नी कार्बोरेटरची, नंतरची इंजेक्शनची. इंजेक्शनचं इंजिन कार्बोरेटरच्या गाडीत टाकायचं तर संगणक, वायरिंग, सेन्सर, टाकीतला पंप, सगळं लागतं. म्हणून कार्बोरेटरला कार्बोरेटर आणि इंजेक्शनला इंजेक्शन, हाच नियम धरा. मारुती ८०० चं इंजिनही ७९६ सीसीचं, तीन सिलिंडरचं, त्याच घराण्यातलं. पण ८०० मध्ये ते आडवं बसतं आणि पुढची चाकं ओढतं, ओम्नीत ते सीटखाली उभं बसतं आणि मागची चाकं ढकलतं. माऊंटिंग आणि गिअरबॉक्सची जोडणी न बघता "एकच आहे, बसतंय" म्हणणाऱ्या मिस्त्रीच्या हातात गाडी देऊ नका.

तीन, आणि सगळ्यात महत्त्वाचं, कागद. अख्ख्या गाडीला आरसी असते, मालक असतो, चेसिस नंबर असतो. ढिगातल्या इंजिनाला बाप नसतो.

इथं मला आपल्याच लोकांशी भांडायचंय. "खेड्यात कोण विचारतंय इंजिन नंबर?" हे वाक्य आता बंद करा. मोटार वाहन कायदा १९८८, कलम ५२. इंजिन बदललं की १४ दिवसांत आरटीओला कळवून आरसीवर नवा नंबर चढवायचा. आधी मंजुरी घेतली तर सगळ्यात बरं. त्याच कंपनीचं, त्याच प्रकारचं इंजिन असेल तर विषय सोपा राहतो. जास्त सीसीचं टाकलं तर गाडीचा कागदच बदलतो. आणि देणारी गाडी कायमची मोडली, तर कलम ५५ प्रमाणे तिचीही नोंदणी रद्द करून घ्यायची. तिच्यावर कर्जाचा बोजा आहे का, चलन थकलंय का, हे पैसे देण्याआधी बघायचं. कोणी विचारत नाही तोवर ठीक. अपघात झाला की विमा कंपनी आधी नंबर जुळवते, आणि घासलेल्या नंबरचं इंजिन चोरीच्या गाडीचं निघालं तर पोलीस पाटील काही वाचवू शकत नाही.

आता सरकारशी भांडण. १५ वर्षांवरच्या कारच्या नोंदणी नूतनीकरणाची फी ६०० रुपये होती, १ एप्रिल २०२२ पासून ती ५,००० झाली. २०२५ च्या ऑगस्टमध्ये २० वर्षांवरच्या गाडीला १०,००० केली. कारण काय, तर जुनी गाडी धूर करते. मान्य. पण धूर वयावरून नाही, यंत्रावरून मोजा. वर्षाला थोडे किलोमीटर शेत ते बाजार फिरणारी, पीयूसी पास होणारी गाडी आणि शहरात रोज धावणारी गाडी, दोघींना एकच दंडुका कशाला? मोडीत काढायला धोरण आहे, दुरुस्तीला धोरण नाही. माझी मागणी छोटी आहे. तालुक्याच्या शिबिरात इंजिन बदलाची तपासणी आणि नोंद एकाच फेरीत व्हावी. सरळ रस्ता अवघड असला की लोक आडवाटेनं जातात, मग त्यांना चोर म्हणू नका.

विरोधी बाजूत तथ्य आहे तेही सांगतो. ओम्नीला एअरबॅग नाही, पुढं इंजिनाचा आडोसा नाही, धडक थेट पायावर येते. म्हणून ती हायवेला पळवू नका, शाळेची पोरं आणि सोंगणीच्या बाया कोंबून नेऊ नका. फरशीचा पत्रा, चेसिस, स्टिअरिंगची जोडणी सडली असेल तर तिच्यात सोन्याचं इंजिन टाकूनही उपयोग नाही. तेव्हा तिलाच देणारी गाडी करा.

शेवटचं, पण मुळाचं. जुनं इंजिन का मेलं ते शोधल्याशिवाय नवं बसवू नका. आपल्याकडे बऱ्याचदा मारेकरी असतं बोअरचं पाणी. ज्या क्षारानं ठिबकचे ड्रिपर बुजतात, तोच क्षार रेडिएटरच्या नळ्यांत बसतो. ठिबकला आपण आठवणीनं ॲसिड देतो, आणि गाडीत तेच पाणी वर्षानुवर्षं ओततो. एप्रिलच्या उन्हात इंजिन तापतं, ॲल्युमिनियमचं हेड वाकतं, गॅस्केट जातं. (ठिबकचं ॲसिड मात्र रेडिएटरला दाखवू नका, तो खाऊन टाकेल.) रेडिएटर साफ करा, कूलंट भरा, थर्मोस्टॅट काढून फेकू नका. इंजिन खाली उतरलंच आहे तर टायमिंग बेल्ट, पाण्याचा पंप, क्लच प्लेट, ऑइल सील आणि होज पाईप नवे टाका. ते नंतर बदलायचे तर मजुरी परत द्यावी लागते.

कृषीवाल्या मित्रांनाही एक विनंती. माती परीक्षण शिकवता, बीजप्रक्रिया शिकवता, चांगलंच आहे. तोंडापूरच्या कृषी विज्ञान केंद्रासारख्या ठिकाणी वर्षातून एक दिवस इंजिनाचाही ठेवा. कॉम्प्रेशन कसं मोजायचं, आरसी कशी वाचायची, पाणी कोणतं भरायचं. एकरी खर्च कमी करा म्हणता ना? मग शेताबाहेर उभा असलेला खर्चही मोजा.

तुमच्या गावात कोणी असं इंजिन बदलून आरसीवर नोंद केली असेल, तर किती फेऱ्या आणि किती खर्च लागला ते खाली लिहा. पुढच्याला उपयोगी पडेल.