मोटारीची कुरकुर

मोटार जुनी झाली म्हणजे कुरकुरू लागते, असा सर्वसाधारण समज आहे. तो अर्धाच खरा होय. आमच्या बीदर-कलबुर्गीकडे नवी मोटारही दोन उन्हाळ्यांत बोलू लागते. येथील काळी माती पावसाळ्यात फुगते आणि उन्हाळ्यात भेगाळते. तीवरून गेलेला रस्ता समतल राहावा तरी कसा? त्यात ऊन. एक मीटर लांबीची लोखंडी पट्टी ३० अंशांनी तापली तर सुमारे एकतृतीयांश मिलिमीटर वाढते. तेवढीच प्लॅस्टिकची पट्टी दोन ते तीन मिलिमीटर वाढते. अशा दोन वस्तू एकत्र जखडल्यावर त्या घासणारच. घासताना क्षणभर चिकटतात, लगेच सुटतात, आणि करकर उठते. व्हायोलिनच्या तारेवर गज फिरतो तेव्हाही हेच घडते. मात्र तेथे ते कानास गोड लागते!

प्रथम मोटार रिकामी करावी. खणातील नाणी, सीटखालचा पाना, मागचा जॅक, एवढे नीट ठेवले की पुष्कळदा खडखड तेथेच संपते. (आरशाला टांगलेली जपमाळ काचेवर टिकटिक करते, तिचा दोष मोटारीवर घालू नये.) मग एकाने मोटार सावकाश चालवावी व शेजारी बसलेल्याने डॅशबोर्ड, दाराचे आतील आवरण, खिडकीची कडा ही क्रमाने तळहाताने दाबीत जावी. जेथे दाबताच आवाज थांबेल, तेथेच त्याचे मूळ. क्लिप तुटली असल्यास नवी बसवावी. फटीत फेल्टची पातळ पट्टी चिकटवावी. पण आधी जागा स्वच्छ पुसावी, कारण बीदरची तांबडी धूळ राहिली तर गोंद धरत नाही. दाराचे रबर करकरत असेल तर सिलिकॉन ग्रीसचा हलका हात पुरे. बैलगाडीच्या आसाचे वंगण येथे चालत नाही. खनिज तेलाने बहुतेक रबर फुगून मऊ पडते.

स्टिअरिंगचे आवरण मात्र घरी कधीही उघडू नये. जुलै २०१९ पासून बनलेल्या मोटारींत चालकासमोर एअरबॅग सक्तीची आहे, आणि काही मोटारींत ती बाजूच्या खांबांच्या आवरणामागेही असते. खड्ड्यात चाक पडताच खालून ठकठक येत असेल, किंवा ब्रेक दाबताच सीट हलत असेल, तर तो प्लॅस्टिकचा आवाज नव्हे. अशी मोटार मुलाबाळांसह हुमनाबादच्या रस्त्याला काढण्यापूर्वी मिस्त्रीने जॅकवर चढवून पाहावी.