थंड हवेच्या ठिकाणीं कायमचें बिऱ्हाड

आमच्या माजी विद्यार्थ्यांपैकीं कित्येकांस अलीकडे मुंबई-पुण्याच्या कचेरीचें काम घरबसल्या करतां येतें. त्यांतील कांहीं आम्हांस विचारतात कीं, महाबळेश्वरास कायमचें बिऱ्हाड हालवावें काय? त्यांनीं तें गांव बहुधा मे महिन्यांत किंवा दिवाळीच्या सुटींत पाहिलेलें असतें. आमचें उत्तर एवढेंच कीं, प्रथम तेथें एक जुलै काढावा.

सुमारें ४,५०० फूट उंचीवरील त्या पठारावर वर्षाकाठीं ५,००० मिलिमीटरांहून अधिक पाऊस पडतो, व तो बहुतेक सर्व चार महिन्यांतच. २०२१ च्या जुलैंत तर एका दिवसांत सुमारें ५९४ मिलिमीटर पडला. धुक्यांत समोरचें झाड दिसत नाहीं, कपडे वाळत नाहींत, पुस्तकांना बुरशी चढते, आणि बाजारांतील पुष्कळ दुकानांच्या फळ्या लागलेल्या असतात. अशा वेळीं घरांत कोणी अत्यवस्थ झाल्यास मोठ्या रुग्णालयासाठीं घाट उतरून वाईस अथवा साताऱ्यास जावें लागतें. वृद्ध आईबापांस बरोबर नेणाऱ्यानें तो घाट आधीं मनांत उतरून पाहावा.

लाभ नाहींत असें नव्हे. मुंबईचे गव्हर्नर सर जॉन माल्कम यांनीं १८२८ च्या सुमारास आरोग्यस्थानासाठीं जी हवा निवडली, ती हिंवाळ्यांत आजहि प्रसन्न आहे. फी परवडत असेल तर पांचगणीच्या नांवाजलेल्या शाळा वीसएक किलोमीटरांवर आहेत. शांतताहि आहे, निदान शनिवार-रविवार सोडून.

आम्हांस अधिक विचार पडतो तो दुसऱ्याच गोष्टीचा. २००१ पासून हा प्रदेश पर्यावरणदृष्ट्या संवेदनशील ठरविलेला असल्यानें बांधकामावर बंधनें आहेत, आणि तीं योग्यच आहेत. परंतु त्यामुळें घरें मोजकींच. शहरांतील पगाराच्या बळावर कोणी एक घर घेतलें कीं, भाड्यानें राहणारा शिक्षक, पोस्टमन, हॉटेलांतला आचारी यांच्यासाठीं एक बिऱ्हाड कमी होतें. तें घर पुढें दहा महिने कुलुपांतच राहिलें, तर वाण्यास गिऱ्हाईक नाहीं व शाळेस मूल नाहीं. उलट जो बारमास राहील, भर पावसांत उघड्या असलेल्या दुकानांतून तांदूळ घेईल आणि ग्रामस्थांबरोबर पाण्याच्या व कचऱ्याच्या प्रश्नांत लक्ष घालील, त्यास गांवानें परका कां मानावें?

जागा खरेदी करण्याची घाई मात्र नको. जून ते सप्टेंबर भाड्यानें राहून पाहावें. त्या दिवसांत भाडींहि हंगामाइतकीं चढीं नसतात.