मागवणारा घरी, आणणारा कस्टमसमोर!

रत्नागिरीतल्या कितीतरी घरांतला एकजण तरी आखातात नाहीतर बोटीवर असतो. सुट्टीवर येताना तो काय आणतो? परफ्यूम, चॉकलेट्स आणि हल्ली मित्राची फर्माईश म्हणून ई-सिगारेट. दुबईत ती दुकानात राजरोस मिळते, कारण यूएईने २०१९ मध्ये तिच्या विक्रीला परवानगी दिली. गंमत म्हणजे त्याच वर्षी सप्टेंबरमध्ये भारताने तिच्यावर बंदी घातली! आयात केली तर पहिल्याच गुन्ह्याला एक वर्षापर्यंत कैद किंवा एक लाखापर्यंत दंड, किंवा दोन्ही. सिंगापूरमध्ये तर २०१८ पासून ती नुसती जवळ बाळगणंही गुन्हा आहे.

उलटंही होतं. अनारशावरची खसखस आपल्याकडे कुठल्याही वाण्याकडे मिळते, यूएईत मात्र ती न्यायला बंदी. आईने प्रेमाने बांधून दिलेला डबासुद्धा महागात पडू शकतो.

"मला माहीत नव्हतं" हे कायद्यापुढे चालत नाही. एजंट व्हिसा, तिकीट सगळं समजावतो, पण हे कोण सांगणार? माझ्या मते प्लेसमेंट सेलने परदेशी जाणाऱ्यांसाठी यावर एक तास ठेवायलाच हवा. आणि मित्रांनो, तोपर्यंत एवढं तरी करूया, दुसऱ्याच्या बॅगेतून आपली हौस भागवायची नाही!