इशारा कोणाच्या मालकीचा?

नाशिक जिल्ह्यातील अनेक निर्यातक्षम द्राक्षबागांत आता वेलींच्या ओळींमध्ये एक लहानसा खांब उभा असतो. त्यावरील संवेदक पानांवरचा ओलावा, हवेतील आर्द्रता आणि तापमान अहोरात्र टिपत असतात. पाने किती तास ओली राहिली आणि त्या वेळी तापमान किती होते, यावरून केवडा रोगाचा संभव पानावर डाग उमटण्यापूर्वीच वर्तविता येतो व बागायतदाराच्या मोबाईलवर तसा इशारा येतो. धोका नसेल त्या दिवशीची फवारणी वाचते. विज्ञानाची ही देणगी अस्सल आहे. यंत्र दिसताच नाक मुरडणे हे समाजवादी विचाराचे लक्षण नव्हे.

परंतु याच महाराष्ट्रात २०१७ च्या खरिपात यवतमाळ जिल्ह्यात कपाशीवर फवारणी करताना विषबाधा होऊन वीसहून अधिक शेतकरी व शेतमजूर मृत्युमुखी पडले आणि शेकडोंना रुग्णालयात दाखल करावे लागले. त्याच हंगामात गुलाबी बोंडअळीने विदर्भाचे पीक फस्त केले. कोणती कीड, किती प्रमाणात आणि औषध कोणते, हे सांगणारा कोरडवाहू शेतकऱ्याजवळ कोण असतो? बहुधा औषध विकणारा दुकानदार! उधारीही त्याचीच आणि सल्लाही त्याचाच.

वास्तविक बोंडअळीचा अंदाज घेण्यास फार मोठे भांडवल लागत नाही. कामगंध सापळ्यात सलग तीन रात्री प्रत्येकी आठ पतंग आढळले की उपाय योजण्याची वेळ आली, हा निकष कृषी विद्यापीठे वर्षानुवर्षे सांगत आली आहेत. सापळ्यातील पतंग छायाचित्रावरून मोजणारी साधनेही आता उपलब्ध झाली आहेत. पतंगाला बांध कळत नाही. म्हणून हा इशारा एका शेताचा नसून साऱ्या शिवाराचा असतो. तो वर्गणी भरणाऱ्या एकट्याला विकणे शास्त्रदृष्ट्याही असमंजसपणाचे आहे.

सार्वजनिक मार्ग महाराष्ट्राला अपरिचित नाही. २००८ साली सोयाबीनवर अळ्यांचा उद्रेक झाल्यावर शासनाने २००९ पासून ‘क्रॉपसॅप’ हा कीड-रोग सर्वेक्षण प्रकल्प हाती घेतला. सर्वेक्षकाने शेतात जाऊन नोंद घ्यायची, तज्ज्ञांनी ती तपासायची आणि सल्ला विनामूल्य द्यायचा, अशी ती योजना. तरीही २०१७ घडले, याचा अर्थ योजना चुकीची होती असा नव्हे. माहिती गोळा होणे आणि ती वेळेवर बांधापर्यंत जाणे यांत अंतर राहिले. २०२५ साली राज्य मंत्रिमंडळाने कृत्रिम बुद्धिमत्तेचे कृषी धोरण मंजूर करून पहिल्या तीन वर्षांसाठी ५०० कोटी रुपयांची तरतूद केली. हा पैसा ते अंतर तोडण्यासाठी खर्च होणार, की खासगी कंपन्यांना आयती बाजारपेठ उभारून देण्यासाठी? संवेदक बसविणाऱ्याच कंपनीने औषध विकायचे ठरविले, तर इशाऱ्यांची संख्या पिकाच्या गरजेने ठरेल की गोदामातील साठ्याने, हे सांगण्यास अर्थशास्त्री लागत नाही.

आणखी एक गोष्ट. शेतकरी ओळख क्रमांक सातबाऱ्याशी जोडलेला आहे. जमीन ठोक्याने वा बटाईने कसणाऱ्याचे नाव सातबाऱ्यावर नसते. पाठीवर पंप घेणाऱ्या मजुराचे तर कोठेच नसते. ओळख क्रमांकाच्या वाटेने निघालेला संदेश त्यांना वगळून जमीनमालकाच्या खिशात जाऊन बसेल.

येत्या ग्रामसभांतून कार्यकर्त्यांनी ही मागणी नेटाने मांडली पाहिजे. संवेदक व सापळे शिवारनिहाय, सार्वजनिक खर्चाने आणि कृषी विद्यापीठांच्या देखरेखीखाली बसवावेत. त्यांतील नोंदींवर कसणाऱ्यांचा हक्क असावा, आणि सल्ला देणाऱ्याला औषधविक्रीची मुभा नसावी. इशारा ग्रामपंचायतीच्या फलकावर त्याच दिवशी लागावा. वाचता न येणाऱ्यांसाठी दवंडी द्यावी. फवारणीत कोणते विष हाताळले जाणार आहे आणि बाधा झाल्यास जवळचा उपचार कोठे मिळेल, हेही त्याच फलकावर लिहिलेले असावे.