तुटलेल्या बोटांचा हिशेब

चाकण, भोसरी, वाळूज किंवा हरियाणातील फरिदाबाद-मानेसर, कोणत्याही औद्योगिक पट्ट्यात साप्ताहिक सुटीच्या दिवशी चहाच्या टपरीवर तासभर बसावे आणि पेला धरणाऱ्या हातांकडे पाहावे. अर्ध्यावर संपलेले एखादे तरी बोट नजरेस पडते. विचारले तर दोनच शब्दांत उत्तर येते : ‘प्रेसवर गेले.’ सांगणारा बहुधा पंचविशीतला असतो, आणि मराठवाड्यातून, बिहारातून वा उत्तर प्रदेशातून आलेला असतो.

पॉवर प्रेस हे काही गूढ यंत्र नव्हे. खाली साचा, वर ठोका देणारा अवजड रॅम. पत्रा आत सरकवायचा, पेडल दाबायचे, ठोका पडला की तुकडा बाहेर काढायचा. एका पाळीत असे हजारो वेळा. जुन्या प्रेसचा क्लच झिजला की एका दाबात दोन ठोके पडतात, आणि दुसरा ठोका तुकडा काढायला गेलेल्या हातावर येतो. याला अपघात म्हणणे म्हणजे भाषेचा दुरुपयोग आहे. दोन्ही हातांनी एकाच वेळी कळा दाबल्याखेरीज यंत्र चालू नये ही व्यवस्था, साच्यापुढे हात येताच प्रेस थांबवणारा प्रकाशकिरणांचा पडदा, आणि मध्येच थांबू न शकणाऱ्या जुन्या प्रेसला साधी लोखंडी जाळी, हे सारे उपाय अनेक दशकांपासून ठाऊक आहेत. यंत्राच्या धोकादायक भागांना कुंपण घालण्याची सक्ती १९४८ च्या कारखाने अधिनियमातच होती. जाळी पुष्कळदा असतेही. पण ती भिंतीला टेकवून ठेवलेली असते, कारण जाळी लावली की उत्पादनाचा आकडा गाठला जात नाही. बोट गेल्यावर चौकशीत मात्र कामगाराचा निष्काळजीपणा निघतो!

मोटारींचे सुटे भाग बनवणाऱ्या कारखान्यांतील जखमी कामगारांविषयी ‘सेफ इन इंडिया’ ही संस्था २०१९ पासून अहवाल प्रसिद्ध करीत आहे. जखमींत तरुण, स्थलांतरित आणि कंत्राटी कामगारांचा भरणा, आणि बोटे तोडणाऱ्या यंत्रांत अग्रभागी पॉवर प्रेस, असे त्यातील चित्र आहे. अनेकांना विम्याचे कार्ड मिळाले ते अपघात झाल्यावर, हा त्यातला तपशील आम्हांला सर्वांत बोलका वाटतो.

१९२३ च्या कामगार भरपाई कायद्याने कामगाराच्या अवयवांचे कोष्टक तयार केले : अंगठा गेला तर कमाईच्या शक्तीची तीस टक्के हानी, तर्जनी गेली तर चौदा, करंगळी गेली तर सात. त्या काळी हे पाऊल पुढचेच होते, हे नाकारण्याचे कारण नाही. पण हेच कोष्टक पुढे राज्य कामगार विमा योजनेनेही उचलले. दरमहा पंधरा हजार रुपये मिळवणाऱ्या तरुणाची तर्जनी मुळापासून तुटली, तर नव्वद टक्के वेतनाचे चौदा टक्के, म्हणजे महिना १,८९० रुपये त्याच्या हाती पडतात. वेतनच कागदोपत्री कमी दाखवले असेल तर तेवढेही नाही. प्रेसवर उभे राहण्यास तो आता अपात्र ठरलेला असतो आणि ठेकेदार त्याला फाटकातही उभा करीत नाही; तरी हिशेबी त्याची कमाईची शक्ती शहाऐंशी टक्के शाबूत!

मालकाला हे बोट केवढ्याला पडते, हा प्रश्न आमच्या मते अधिक महत्त्वाचा आहे. विमा योजनेत त्याचा हप्ता वेतनाच्या ठरावीक टक्क्यांनी आकारला जातो. २०१९ मध्ये सरकारने तो पावणेपाच टक्क्यांवरून सव्वातीन टक्क्यांवर आणला. एकही बोट न गमावलेल्या कारखान्याचा आणि वर्षाकाठी दहा बोटे तोडणाऱ्या कारखान्याचा दर एकच! विमा घेतला की भरपाईच्या दाव्यातूनही मालक मोकळा. मग यंत्रावर पैसा खर्च करणारा मालक धंद्यात मूर्ख ठरतो, आणि तो मूर्ख ठरावा अशीच ही रचना आहे. जर्मनीत उद्योगाचा धोका आणि अपघातांची नोंद पाहून विम्याचा हप्ता कमी-अधिक केला जातो. आपल्याकडे हे अशक्य का असावे?

कोष्टकापलीकडे पाहता येते, हे आपल्याच सर्वोच्च न्यायालयाने दाखवून दिले आहे. ओरिसातील जेपूर येथे चित्रपटगृहात काम करताना १९६८ मध्ये एक सुतार पडला आणि त्याचा डावा हात कोपरापासून कापावा लागला. हानी अंशतःच झाली, हा मालकाचा युक्तिवाद न्यायालयाने डिसेंबर १९७५ मध्ये फेटाळला. एका हाताने सुतारकाम होत नाही, तेव्हा सुतार म्हणून त्याची हानी पूर्ण आहे. भरपाई देय होते ती अपघाताच्या दिवसापासून, हेही त्याच निकालात स्पष्ट झाले. प्रेसच्या कामगाराला हा न्याय विमा मंडळाच्या दारात मात्र मिळत नाही.

२१ नोव्हेंबर २०२५ रोजी चार श्रमसंहिता अंमलात आल्या. सुरक्षेचे नियम मोडल्याने गंभीर इजा झाली तर दोन ते चार लाखांचा दंड आणि त्यातील निम्मी वा अधिक रक्कम जखमीला देण्याची न्यायालयाला मुभा, ही त्यातील तरतूद स्वागतार्ह आहे. पण त्याच संहितेने ‘कारखाना’ या संज्ञेसाठी यंत्रशक्तीवरील कामगारांची किमान संख्या दहावरून वीसवर नेली, आणि निरीक्षकाला मालकाचा साहाय्यकही करून टाकले. बोटे तुटतात ती बहुशः याच लहान शेडांत. दंड ठोठावण्यासाठी कोणीतरी आधी तेथे पोहोचले तर पाहिजे!

आणि आपण तरी तेथे पोहोचलो आहोत का? मोठ्या मोटार कारखान्यांतील आपल्या संघटनांनी वेतनाचे करार झुंजून मिळवले. पण त्याच मोटारीचा कंस वा बिजागरी ज्या शेडमध्ये ठोकली जाते, त्या शेडचा पत्ताही आपल्या कार्यालयात नसतो. पुढील कराराच्या मागणीपत्रात एक कलम असले पाहिजे : संरक्षक उपकरण नसलेल्या प्रेसवर बनलेला भाग कंपनी विकत घेणार नाही, आणि पुरवठादारांची यादी व त्यांच्याकडील अपघातांची नोंद संघटनेला पाहू देईल. पट्ट्यापट्ट्यातील साथींनी जखमींच्या विमा नोंदणीची तारीख आणि अपघाताची तारीख शेजारीशेजारी लिहून काढण्यास याच महिन्यात आरंभ करावा. नोंदणी नंतर झाली म्हणून कामगाराचा हक्क बुडत नाही, हे त्याला त्याच भेटीत सांगावे.