साध्या प्रेक्षकाचे मत

चित्रपट संपला, की प्रेक्षकाच्या तोंडून बाहेर पडणारा पहिला शब्द बहुधा 'छान' तरी असतो किंवा 'टाकाऊ' तरी. त्यापुढे कोणी 'का?' असे विचारले, तर अनेकजण गप्प होतात. विशेषतः ज्यांचे शिक्षण काही कारणाने अर्धवट राहिले, ते लोक 'आम्हांला काय कळते त्यातले!' असे म्हणून विषय संपवतात. चित्रपटावर मत देणे हे समीक्षकांचे आणि वर्तमानपत्रांचे काम आहे, तिकीट काढून दोन घटका करमणूक करून घेणाऱ्याचे नव्हे, असा एक समज समाजात रूढ आहे. हा समज कितपत योग्य आहे, याचा विचार करण्याची वेळ आता आली आहे. कारण चित्रपट आता चित्रपटगृहातून निघून थेट घरात येऊन बसला आहे.

दादासाहेब फाळके यांचा 'राजा हरिश्चंद्र' 1913 साली मुंबईच्या कोरोनेशन चित्रपटगृहात झळकला. तेव्हापासून कितीतरी वर्षे चित्रपट पाहणे ही समूहाने करण्याची गोष्ट होती. अंधारात शेकडो माणसे एकत्र हसत, एकत्र डोळे पुसत. कोणत्या संवादाला टाळ्या पडल्या आणि कोणत्या प्रसंगी लोक उठून बाहेर गेले, यावरून चित्रपटाचा निकाल तेथल्या तेथे लागे. मग दूरदर्शन आले. लखनौमध्ये दूरदर्शन केंद्र 1975 साली सुरू झाले. मोहल्ल्यात ज्याच्या घरी संच असे, त्याच्या दिवाणखान्यात रविवारच्या चित्रपटासाठी शेजारीपाजारी सतरंजीवर दाटीवाटीने बसत. महाराष्ट्राबाहेर राहणाऱ्या मराठी कुटुंबांच्या दृष्टीने रविवारची दुपार अधिक मोलाची होती. कारण 1980 नंतरच्या दशकात त्या वेळी प्रादेशिक भाषांतील चित्रपट दाखवले जात आणि त्यात कधीतरी मराठीची पाळी येई. पुढे व्हिडिओ कॅसेट आली, मग सीडी आली, केबल आली. दर टप्प्यावर प्रेक्षकांचा समूह लहान लहान होत गेला.

या प्रवासातील मोठे वळण 2020 साली आले. कोरोनाच्या साथीमुळे मार्च महिन्यात देशभरातील चित्रपटगृहे बंद झाली. त्यानंतर 12 जून 2020 रोजी शूजित सरकार यांचा 'गुलाबो सिताबो' हा चित्रपट चित्रपटगृहात न जाता थेट अ‍ॅमेझॉन प्राइमवर प्रदर्शित झाला. अमिताभ बच्चन आणि आयुष्मान खुराना यांच्यासारखे नामवंत कलावंत असलेला चित्रपट पहिल्याच दिवशी लोकांनी घरात बसून पाहावा, ही त्या वेळी नवलाची गोष्ट होती. चित्रपटगृहांच्या चालकांनी तिच्याविषयी नाराजीही व्यक्त केली. आणखी एक योगायोग असा, की हा चित्रपट लखनौचा होता. जुन्या लखनौच्या गल्ल्या, पडकी हवेली, तेथील बोली आणि तेथील भांडणे यांवर रचलेली ही कथा लखनौकरांनी आपापल्या घरांची दारे बंद करून पाहिली.

लखनौच्या चौक भागात नोकरीनिमित्त स्थायिक झालेले एखादे मराठी कुटुंब कल्पनेने डोळ्यांसमोर आणावे. सत्तरी ओलांडलेली आजी, तिचा मुलगा, सून आणि महाविद्यालयात शिकणारा नातू. टाळेबंदीमुळे सगळे घरातच आहेत आणि संध्याकाळी सगळे मिळून 'गुलाबो सिताबो' पाहत आहेत. पडद्यावर फातिमा महल नावाची मोडकळीला आलेली हवेली आहे. तिची मालकीण फातिमा बेगम अतिशय वृद्ध आहे. तिचा नवरा मिर्झा तिच्या मरणाची वाट पाहत घरातील दिवेसुद्धा काढून विकतो. पिठाची गिरणी चालवणारा भाडेकरू बांके महिना तीस रुपये भाडे, आणि तेही देण्याची टाळाटाळ करतो. दोघांचे भांडण उत्तर प्रदेशातील लोककलेतल्या गुलाबो आणि सिताबो या कजाग बाहुल्यांसारखे अखंड चाललेले असते. चित्रपटाचे नाव त्या बाहुल्यांवरूनच घेतले आहे.

चित्रपट संपल्यावर नातू म्हणतो, "गोष्ट पुढे सरकतच नाही, तेच तेच भांडण." आजीचे मत निराळे असते. तिचे बालपण गिरगावातील चाळीत गेले आहे. मुंबईत 1947 च्या भाडे कायद्यामुळे जुनी भाडी वर्षानुवर्षे गोठून राहिली. भाड्यातून दुरुस्तीचा खर्च निघेना, म्हणून मालक हात लावेना आणि दुसरीकडे परवडेना, म्हणून भाडेकरू जागा सोडेना. आजी म्हणते, "भिंत पडली तरी कोणी हलत नाही, हे अगदी खरं आहे. आमच्या चाळीत हेच होतं." मुलगा म्हणतो, अमिताभ ओळखूच येत नाही. हे सगळे बोलून झाल्यावर कपड्यांच्या घड्या घालत बसलेली सून हळूच म्हणते, "दोघे पुरुष घर कोणाचं यावरून सबंध चित्रपटभर भांडतात; पण घर जिच्या नावावर आहे, तिला कोणी विचारतच नाही. शेवटी तीच शहाणी ठरते." एवढे बोलून ती पुढे जोडते, "मला काय कळतंय म्हणा. मी सातवीपर्यंतच शिकलेली." आणि घड्या उचलून आत निघून जाते.

या चार मतांकडे नीट पाहिले, तर एक गोष्ट ध्यानात येते. चित्रपटाच्या मर्मावर बोट ठेवले आहे ते सुनेने. मिर्झा आणि बांके वकील, बांधकाम व्यावसायिक आणि पुरातत्त्व खात्याचे अधिकारी यांच्यामागे धावत राहतात आणि बेगम आपला निर्णय आपण घेऊन मोकळी होते, हाच कथेचा कणा आहे. सुनेने 'पटकथा', 'उपरोध', 'व्यक्तिरेखा' हे शब्द कधी वापरले नसतील. तरीही तिच्या मतात चांगल्या समीक्षेचे सारे गुण आहेत. ते चित्रपटात दिसलेल्या गोष्टीवर आधारलेले आहे. त्यात कारण दिलेले आहे. आणि त्यामागे घरात राहूनही घरातील निर्णयात न विचारल्या गेलेल्या बाईचा अनुभव आहे. उणीव असलीच, तर ती एकच. आपले मत मत म्हणून गणले जाईल, यावर तिचा स्वतःचा विश्वास नाही.

आजीच्या मतालाही तितकेच मोल आहे. चित्रपटातील जग खरे वाटते की खोटे, हे ठरवण्याचा अधिकार ते जग जगलेल्या माणसाइतका दुसऱ्या कोणाला असणार? लखनौच्या माणसाला पडद्यावरील लखनौ पारखता येते, ते याच कारणाने. फातिमा बेगमची भूमिका करणाऱ्या फर्रुख जाफर यांचे आयुष्य लखनौशी जोडलेले होते. 1960 नंतरच्या दशकात त्या लखनौ आकाशवाणीवर निवेदिका होत्या. 1981 साली मुझफ्फर अली यांच्या 'उमराव जान'मध्ये त्यांनी नायिकेच्या आईची भूमिका केली आणि ऐंशी वर्षे उलटून गेल्यावर 'गुलाबो सिताबो'साठी त्यांना सहायक अभिनेत्रीचा फिल्मफेअर पुरस्कार मिळाला. 2021 च्या ऑक्टोबर महिन्यात लखनौ येथेच त्यांचे निधन झाले. त्यांच्या बोलण्यातील ठसका शिकवून आलेला नव्हता. चौकातील कोणतीही वृद्ध स्त्री तो ऐकून 'ही आपल्यातली आहे' असे सांगू शकते. चित्रपटाचे व्याकरण ठाऊक नसले, तरी हे ओळखता येते.

मात्र, येथे एक सावधगिरी बाळगावी लागते. 'मला आवडले' आणि 'ते चांगले आहे' या दोन गोष्टी एक नाहीत. नातवाला चित्रपट संथ वाटला, हे त्याच्यापुरते खरे आहे. पण तो संथ का आहे, त्या संथपणाने कथेला काही लाभते का, हा प्रश्न त्याने स्वतःला विचारला नाही. त्याचप्रमाणे आपल्या अनुभवाशी जुळते तेवढेच चांगले, असे आजीने ठरवले, तर चाळ किंवा हवेली नसलेला प्रत्येक चित्रपट तिला परका वाटेल. अनुभव हा मताचा पाया असावा. त्याची भिंत होऊ नये.

घरी चित्रपट पाहताना ही भिंत फार लवकर उभी राहते. चित्रपटगृहात तिकिटाचे पैसे मोजलेले असतात, वाट वाकडी करून आलेले असतो. त्यामुळे पहिली पंधरा मिनिटे कंटाळा आला, तरी माणूस बसून राहतो. घरी तसे नसते. हाताशी बटण असते, कुकरची शिट्टी असते, मोबाइल असतो. चैतन्य ताम्हाणे यांचा 'द डिसायपल' हा मराठी चित्रपट या दृष्टीने चांगले उदाहरण आहे. 2020 च्या व्हेनिस चित्रपट महोत्सवात त्याला सर्वोत्कृष्ट पटकथेचा पुरस्कार मिळाला आणि एप्रिल 2021 मध्ये तो नेटफ्लिक्सवर आला. शास्त्रीय गायनासाठी तारुण्य वेचूनही ज्याच्या गळ्याला अपेक्षित उंची गाठता येत नाही, अशा शिष्याची ही कथा आहे. रात्रीच्या ओस रस्त्यावरून तो मोटारसायकलवर सावकाश जात असतो आणि कानांत माईंच्या ध्वनिमुद्रित व्याख्यानाचा आवाज चालू असतो. असे प्रसंग पुन्हा पुन्हा येतात.

लखनौच्या मराठी कुटुंबाला हा विषय दूरचा वाटू नये. कारण विष्णू नारायण भातखंडे यांच्या प्रयत्नांतून 1926 साली लखनौमध्येच संगीताचे महाविद्यालय उभे राहिले. ते आज त्यांच्याच नावाचे विद्यापीठ आहे. तरीही कल्पनेतील त्या घरात नातू विसाव्या मिनिटाला बटण दाबतो. सून दुसऱ्या दिवशी दुपारची कामे आटोपून उरलेला चित्रपट एकटीच पाहते. मोटारसायकलीचे प्रसंग तिलाही आधी लांबलेले वाटतात. तिसऱ्या वेळी तिच्या लक्षात येते, की नायक शांत दिसतो तो फक्त या रस्त्यावरच. घरी, गुरूपाशी आणि मैफलीत तो सदैव धास्तावलेला आहे. ती प्रसंग मागे नेऊन पुन्हा पाहते आणि आपले मत बदलते. पूर्ण पाहिल्यावर आणि पुन्हा पाहिल्यावर मत बदलणे यात कमीपणा नाही. पाहण्यापूर्वीच मत तयार असणे, यात मात्र तो आहे.

प्रसंग मागे नेऊन पाहण्याची ही सोय चित्रपटगृहात नव्हती. घरबसल्या चित्रपट पाहण्याचे दोष सांगताना त्याचे लाभही मोकळेपणाने मान्य केले पाहिजेत. रात्रीच्या खेळाला एकटीने जाणे ज्यांना शक्य नव्हते अशा स्त्रिया, जिने चढू न शकणारे वृद्ध, अपंग व्यक्ती आणि तिकिटाचे पैसे वाचवावे लागणारे कष्टकरी यांना चित्रपट प्रथमच आपल्या सवडीने पाहता येऊ लागला. पडद्याच्या तळाशी उमटणारी अक्षरे वाचत वाचत अनेकांचा वाचनाचा सराव वाढतो आणि दुसऱ्या भाषेतील चित्रपटही कळू लागतो. हरवले आहे ते शेजाऱ्याशी होणारे बोलणे. सतरंजीवर बसलेल्या मोहल्ल्यात मतांची देवाणघेवाण आपोआप होई. आता प्रत्येकजण आपल्या मोबाइलवर वेगळा चित्रपट पाहतो आणि किती तारे मिळाले आहेत, ते पाहून आपले मत ठरवतो. हे उसने मत असते. त्यात दुसऱ्याचे शब्द असतात आणि स्वतःचे डोळे नसतात.

म्हणून साध्या प्रेक्षकाने तीन गोष्टी पाळाव्यात. चित्रपट शक्य तो संपूर्ण पाहावा. आवडले किंवा नावडले, याच्यापुढे 'कारण' हा शब्द उच्चारून वाक्य पुरे करावे. आणि ते वाक्य मनात न ठेवता घरातील कोणापाशी तरी बोलावे. जमल्यास वहीत चार ओळींत लिहून काढावे. समीक्षकाकडे अभ्यास असतो, तुलना असते. त्याचे लेखन वाचल्याने नजर तयार होते, हे खरेच. परंतु त्याचे मत हे आपल्या मताच्या जागी ठेवण्यासाठी नसून आपल्या मताशेजारी ठेवून पाहण्यासाठी असते.

मराठीत विचारालाही 'मत' म्हणतात आणि निवडणुकीत आपण देतो त्यालाही 'मत'च म्हणतात. मतदान केंद्रावर कोणाला इयत्ता विचारली जात नाही. ज्या सुनेने बेगमची बाजू ओळखली, तिला आपल्या घरातही कधीतरी एखाद्या गोष्टीवर मत द्यावे लागणार आहे. मुलीचे शिक्षण, जागेचे कागद, दवाखान्याची निवड अशा गोष्टी चित्रपटाहून कितीतरी अधिक महत्त्वाच्या असतात. त्या वेळी 'मला असे वाटते, कारण...' ही वाक्याची सुरुवात जिभेवर रुळलेली असावी लागते. संध्याकाळी पाहिलेल्या चित्रपटावर चार वाक्ये बोलून ती रुळवता येते. फक्त ती घड्या उचलून आत निघाली, की घरातील इतरांनी तिला थांबवून 'का वाटले तुला तसे?' एवढे विचारले पाहिजे.